खाडीकाठच्या तीन दोऱ्या

मनोरला महामार्ग सोडला आणि पालघरच्या रस्त्याला लागले. वाघोबाच्या खिंडीत गाड्या थांबत होत्या, माणसं उतरून हात जोडत होती, म्हणून मीही थांबले. देवळासमोर उभी राहून "बाबा रे, एवढे दहा दिवस नीट पार पडू देत" असं म्हणते न म्हणते तोच एका माकडानं गाडीच्या उघड्या काचेतून हात घालून पिवळ्या चिठ्ठ्यांचा अख्खा गठ्ठा पळवला. झाडावर बसून त्यानं एकेक चिठ्ठी सोलली, चाटली आणि खाली टाकली. शेजारी उभा असलेला टेम्पोवाला म्हणाला, "ताई, खायचं काय नव्हतं का त्यात?" मी म्हटलं, "नाही हो, शिकवायचं होतं." त्यावर तो इतका हसला की मलाही हसू आलं.

मी पुण्याची. वीस वर्षं संगणकाच्या कंपन्यांत काढली आणि आता लोकांना काम कसं करावं हे शिकवत हिंडते. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय, तेव्हा मात्र येत नव्हतं. मी शिकवते त्याला अ‍ॅजाइल म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, त्याचे तुकडे पाडायचे, दर पंधरा दिवसांनी काहीतरी पुरं करून ज्याच्यासाठी केलं त्याला दाखवायचं आणि त्याचं ऐकून पुढे जायचं. कोणाचं काम कुठवर आलंय हे सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर तीन रकाने करायचे: करायचंय, चाललंय, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढे सरकते. बस, एवढंच. या एवढ्याशाच गोष्टीवर माझं घर चालतं.

पालघरला सुनील भेटला. एका संस्थेचा तो समन्वयक, वय तिशीचं, सतत घाईत. आधी बोईसरला दोन दिवस कारखान्यातल्या कामगारांसाठी कार्यशाळा आणि मग चिंचणीच्या बाजूला मच्छीमार बायकांच्या गटासाठी आठ दिवस, असा त्याचा बेत. "संध्याकाळ मोकळी आहे, शिरगावचा किल्ला दाखवतो," म्हणाला. किल्ला लहानसा, पण तटावर चढले आणि एकदम समोर समुद्र आला. आत एक ताड होता, त्याला चक्क फांद्या फुटलेल्या. सुनील त्याला रावणताड म्हणाला. ताडाला फांद्या! मी मान वर करून बघतच राहिले. पुण्यात असलं काही बघितलं की आम्ही आधी फोटो काढतो. इथे मला फोन काढायचं सुचलंच नाही.

बोईसरची कार्यशाळा एका कारखान्याच्या जेवणघरात झाली. तीस जण, बहुतेक उत्तरेकडचे, बोलणं सगळं हिंदीत. मी प्रत्येक गटाला खराट्याच्या काड्या आणि चिकटपट्टी दिली आणि वीस मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा करायला सांगितलं. असा उत्साह मी पुण्यात कधी बघितला नाही! एकानं तर बूट काढून त्यावर पाया बांधला. दहाव्या मिनिटाला एक गट ओरडला, "हो गया, मैडम!" मी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या संपायच्या आत मनोरा बाजूच्या माणसाच्या डाळीत पडला. सगळं जेवणघर हसलं. गटाचा म्होरक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मैडम, होने को तो हो गया था." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, गंमत म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, मग मिठागरासारखी सपाट जमीन, आणि मग वास. सुक्या मासळीचा वास गावाच्या आधी येतो. पौष महिना होता, ऊन कोवळं होतं, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या उंच उंच मांडवांवर बोंबील वाळत होते. हजारो. एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं लटकवलेले. लांब, धुक्यात, अणुवीज केंद्राच्या इमारती दिसत होत्या आणि अलीकडे एक म्हातारी कावळे हाकत बसली होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझ्यामुळे बरंच सहन केलंय, आणखी त्रास नको.

गटाची प्रमुख जयंतीबाई. पन्नाशीची, हाडं रुंद, आवाज त्याहून रुंद. नवरा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला आणि तेव्हापासून होडी तिच्या नावावर. मी तिला सांगितलं की आपण खोटं खोटं शिकायचं नाही, एक खरं काम घेऊ. ती म्हणाली, "खरंच काम हाय. चला." आणि तिनं मला खाडीवर नेलं.

होडी चिखलाच्या वर, ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती. पाण्यात होडी लहान दिसते. जमिनीवर, तिच्या पोटाखाली उभी राहिले तेव्हा मला देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं आणि आपोआप आवाज खाली आला. मागच्या बाजूची एक फळी खडकाला लागून फुटली होती, ती बदलायची होती. फटी बुजवायच्या, तळ रंगवायचा, जाळी शिवायची, इंजिनाचा पाण्याखालचा पंखा बसवायचा, दोर बदलायचे, बर्फाची पेटी धुवायची. आणि हे सगळं पुनवेच्या उधाणाच्या आत.

"का आतच?" मी विचारलं.

"होडी हितं वरती हाय ना. उदानाचं पानी हितवर येतं. पुनव झाली की तीन दिस येतं, मंग भांग लागतो (पाणी कमी चढायला लागतं). मंग आमावशेपर्यंत होडी हितंच." जयंतीबाई जरा थांबली. "आमचा तांडेल (होडीचा प्रमुख) हाय, तीन खलाशी हाय. दीड महिना बसून हायेत. ह्या उदानाला होडी नाय गेली तर ते दुसऱ्या बंदरात दुसऱ्या होडीवर जानार. बोलले तसं. त्यांची बी पोरं हायेत. आनि मानसं गेली की होडी म्हंजे नुसतं सरपन."

म्हणजे पंधरा दिवसांचा हिशोब त्यांचा समुद्रच ठेवत होता आणि मी मात्र तो पुण्याहून गाडीत घालून आणला होता. "जयंतीबाई, हेच काम घेऊ," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी मी होडीच्या अंगावरच रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. खाडीवरचा वारा सुटला आणि अर्ध्या चिठ्ठ्या गावात गेल्या. एक कोंबडीच्या अंगावर चिकटून फिरत होती, तिच्यावर 'इंजिन तपासणे' लिहिलं होतं. बायका पोट धरधरून हसल्या. जयंतीबाईनं मग बांबू रोवले, त्यांच्यामध्ये जाळ्याच्या तीन दोऱ्या ताणल्या, पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला भोक पाडून दोरा ओवला. "घ्या, आता बांदा. ह्यो वारा नाय उडवनार." वरची दोरी करायचंय, मधली चाललंय, खालची झालं. असला सुंदर फळा माझ्या जन्मात कधी झाला नव्हता.

आठ दिवस मी तिथे राहिले, जयंतीबाईच्या ओटीवरच्या खोलीत. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, दुपारी भात, आणि कधी ताजे बोंबील रव्यात घोळवून तळलेले. पहिल्या घासाला मी काटे काढायला लागले तर शेजारची बाई म्हणाली, "बोंबलाला काटा नाय गो बाय, तसाच खा!" मी बारा तुकडे खाल्ले. जयंतीबाईनं मोजले होते आणि गावभर सांगितलं.

कामाचं तर विचारूच नका. रोज सकाळी होडीच्या सावलीत पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बैठक. मी पुण्यात हे शिकवते तेव्हा पहिल्या आठवड्यात लोक खुर्च्या शोधतात. इथल्या बायका जन्मभर उभ्याउभ्याच बोलत आल्या होत्या, मासळीचा सौदा कधी बसून होतो का! जाळी शिवताना त्यांची बोटं बघत बसावं अशी. बोलणं एकीकडे, डोळे दुसरीकडे आणि गाठ बरोबर तिथल्या तिथे. मी एक गाठ शिकायला दीड तास घेतला आणि तीही सुटली.

मी त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "एकमेकींना विचारत बसू नका. तोंडी निरोप हरवतात. दोरी बघा. दोरी सांगेल तेच खरं." त्यांना हे पटायला दोन दिवस लागले. मग मात्र त्यांनी ते मनावर घेतलं. कोणीही घरी जायच्या आधी दोरीवर नजर टाकून जाई. जयंतीबाईचा दीर भालचंद्र फटी बुजवत होता, फळ्यांच्या मध्ये कापूस ठासून वरून राळेचा लेप. पाचव्या दिवशी त्याच्या आईचं हाड मोडलं म्हणून तो तिला घेऊन घाईनं पालघरच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच अडकला. जाताना कोणाला काही बोलला नाही. कशाला बोलेल? त्याची चिठ्ठी 'चाललंय'च्या दोरीवर होती. दोरी सांगत होती.

फक्त एकच गोष्ट मला खटकत होती. 'झालं'च्या दोरीवर एकही चिठ्ठी जात नव्हती. जाळी शिवून घडी घालून ठेवलेली, चिठ्ठी 'चाललंय'वर. दोर बदललेले, चिठ्ठी 'चाललंय'वर. बर्फाची पेटी धुऊन लखलखीत, चिठ्ठी तिथेच. मी विचारलं, "अहो, झालंय ना हे? मग सरकवा की." बायका एकमेकींकडे बघून हसल्या. जयंतीबाई म्हणाली, "आमी कसं म्हननार झालं? तांडेल येऊ द्या."

आता आला का राग! हा तांडेल म्हणजे हरिश्चंद्र. तो त्याच्या लेकीकडे डहाणूला गेला होता आणि शेवटच्या दिवशी येणार होता. म्हणजे काम बायकांनी करायचं आणि झालं म्हणायला पुरुष पाहिजे? मी त्या दिवशी ओंडक्यावर उभी राहून अर्धा तास भाषण ठोकलं. स्वतःच्या कामावर विश्वास ठेवा, तुमच्या घामाला कोणाच्या शिक्क्याची गरज नाही वगैरे वगैरे. बायकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एकीनं विचारलं, "मॅडम, चा घेनार?"

उधाणाचा तिसरा, म्हणजे शेवटचा दिवस उजाडला. पहिले दोन दिवस पंखा बसवण्यात आणि रंगात गेले होते. दुपारी अडीचच्या सुमारास भरती पूर्ण चढणार होती. आणि सकाळी साडेसातला सुनीलचा फोन. "मॅडम, नऊला वरचे लोक येतायत फोटो काढायला. मागच्या फोटोत झालंच्या दोरीवर एकही चिठ्ठी नाही. ते म्हणतील आठ दिवस शिकवलं काय? पुढच्या चार गावांचं काम यावर आहे."

खाडीवर कोणी नव्हतं. मी एकटी दोऱ्यांसमोर उभी होते. कामं तर झालीच होती, मी स्वतः बघत होते. या बायका भिडस्त आहेत, त्यांच्या वतीनं मी केलं तर काय बिघडलं? मी एकेक गाठ सोडवली आणि एकेक चिठ्ठी खालच्या दोरीला बांधली. सगळ्या. त्यात 'फटी बुजवणे' ही चिठ्ठीसुद्धा होती. ती बांधताना माझा हात थांबलाही नाही, हे इथे लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

नऊला पाहुणे आले, फोटो झाले, गेले. आणि मग गावात काहीतरी बदललं.

प्रथम एक म्हातारी आली आणि तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. मग कोणीतरी नारळपाणी आणलं. जयंतीबाईनं दोऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी बांदल्या?" मी "हो" म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ती तडक घरी गेली आणि नवीकोरी साडी घेऊन आली. "ही नेसा." रंगवणाऱ्या बायकांनी दोरी बघितली आणि तळाचा राहिलेला पट्टा घाईघाईनं रंगवून टाकला, फटी बुजल्याशिवाय तिथे रंग लावायचा नाही म्हणून त्या थांबल्या होत्या. दुपारी मला पाटावर बसवून जेवायला वाढलं. मला वाटलं, वा! भाषण पोचलं म्हणायचं. यांचा आत्मविश्वास जागा झाला. मी अगदी भारावून गेले होते आणि पापलेटचा दुसरा तुकडा घेतला.

दीड वाजता हरिश्चंद्र तांडेल आला. साठीचा, काळाकभिन्न, बोलणं अगदी हळू. त्याच्या मागे तीन खलाशी, प्रत्येकाच्या खांद्यावर अंथरुणाची वळकटी. होडी निघाली तर वळकटी होडीत, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं दुसऱ्या बंदरात. खाडीत पाणी येत होतं. आधी चिखलावर नुसती चमक, मग बोटभर पाणी, मग ते होडीच्या ओंडक्यांना लागलं. सगळं गाव दोरांना लागलं होतं. तांडेलनं तीन दोऱ्या बघितल्या आणि माझ्यासमोर येऊन हात जोडले.

"बाय, चाळीस वरसं होडीवर हाय. बाहेरचं मानूस आमच्या होडीसाटी असं उबं राहिलेलं पयल्यांदा बगतो. चला, बसा."

"बसू? कुठे?"

"होडीत. आमच्यात झालं म्हननारा पयल्या पान्याला होडीत बसतो. सुतार झालं बोलला तर सुतार बसतो. म्हनून कोनी पटकन बोलत नाय. आमच्या बाया होडीत बसत नाय, म्हनून त्या माझी वाट बगतात. मी सगळं चाचपून बगतो, मंग मी बोलतो, मंग मी बसतो. आज तुमी बोलल्या. सगळ्याच चिठ्ठ्या तुमी बांदल्या. म्हंजे तुमी सगळं बगितलं असनार. आता मी नाय बगत. तुमी बसताय म्हंजे झालं."

मला पोहता येत नाही, हे पहिलं डोक्यात आलं, खरं सांगते. मग तो भिडस्तपणा काय होता ते कळलं. मग ओंडक्यावर उभी राहून दिलेलं भाषण आठवलं. आणि मग सगळ्यात शेवटी, एकदम, भालचंद्र आठवला. भालचंद्र अजून पालघरलाच होता.

समोर अडीचशे माणसं दोर धरून उभी. जयंतीबाई गुडघाभर पाण्यात, चेहरा असा की लग्नघरात सुद्धा एवढा आनंद दिसत नाही. पाऊण तास उरला होता. मी गप्प बसून होडीत चढले असते तर कदाचित काही झालंही नसतं. हा विचारही मी केला, नाही असं नाही. पण त्या तिघांच्या खांद्यांवरच्या वळकट्या दिसत होत्या.

"मी काहीच बघितलेलं नाही," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की तांडेलनं कान पुढे केला. मग मी जोरात म्हटलं, "फोटोसाठी बांधल्या चिठ्ठ्या. सगळ्या. भालचंद्रभाऊंचं काम पुरं झालं का मला माहीत नाही. ते तर गावातच नाहीत. माझं चुकलं."

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जयंतीबाईनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी ती नजर कधी विसरणार नाही. मग ती वळली आणि तिच्या त्या रुंद आवाजात ओरडली, "कळश्या आना गो! सगळ्या! घरातलं पानी आना!"

दोर खाली पडले. बायका धावल्या. हंडे, कळश्या, बादल्या, जे मिळेल ते घेऊन रांग लागली आणि होडीच्या आत पाणी ओतायला सुरुवात झाली. मीही रांगेत घुसले, कोणी मला हटवलं नाही. बाहेरून तांडेल पोटाखाली आडवा झाला, ओल्या चिखलात, आणि फळीफळीवरून तळहात फिरवायला लागला. आत पाणी भरलं की जिथे फट उघडी असेल तिथून ते बाहेर झिरपतं. इतकी साधी, इतकी पक्की परीक्षा. मी त्याच्या शेजारी नव्या साडीसकट चिखलात पडले आणि दुसऱ्या बाजूनं हात फिरवत आले. रंग ओला होता, हात निळा झाला. आणि नव्या फळीच्या खालच्या अंगाला, हातभर लांबीवर, माझ्या बोटांना थंडगार थेंब लागले. रंगाखालून. एक, दोन, मग धारच.

"इथे," मी म्हटलं. "तांडेल, इथे आहे."

त्यानं हात लावला, रंग नखानं खरवडला आणि फटीत बोट घातलं. कापूसच नव्हता. तो हळू म्हणाला, "समिंदरात गेल्यावर ही फळी उगडली असती." बस, एवढंच.

पुढची पस्तीस मिनिटं मी सांगू शकेन असं वाटत नाही. आतलं पाणी उपसणारे वेगळे, राळ तापवणारे वेगळे, फट कोरडी करायला कोणी अंगावरचं लुगडं फाडून दिलं, कोणी चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन आलं. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. तांडेल उताणा पडून कापूस ठासत होता, एक खलाशी लेप लावत होता आणि त्यांच्या पाठीखाली भरतीचं पाणी चढत होतं. शेवटी तर तांडेलचं फक्त तोंड आणि हात पाण्याबाहेर होते. वीस वर्षं मी माणसांनी एकत्र काम कसं करावं हे शिकवत आले आणि ते कसं असतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पावणेतीन होऊन गेले. पाणी चढायचं थांबलं होतं; खाडीवर तरंगणारी काडी जागच्या जागी फिरत होती. आता ते उतरणार. तांडेल उठला, फटीवरून एकदा हात फिरवला, मग माझा हात धरून त्यावरून फिरवला.

"कोरडं?"

"कोरडं," मी म्हटलं.

"मंग बसा."

"मी? अजून?"

"तुमी झालं बोलल्याच होता ना. आता खरं झालं. मी बी बसतो." आणि तो पहिल्यांदा हसला.

मला दोघींनी उचलून होडीत टाकलं, अक्षरशः. अडीचशे माणसांनी एकदम आवाज दिला, दोर ताणले, होडी करकरली, अडली. पुन्हा आवाज, पुन्हा ओढ. तिसऱ्यांदा ओंडके सुटले आणि मग अचानक करकर थांबली. सगळा जडपणा गेला. एवढी मोठी देवळासारखी वस्तू पायांखाली हलकी होऊन डुलायला लागली. मी हुंदका देऊन रडले, आनंदानं की भीतीनं देव जाणे. तिन्ही वळकट्या एकामागून एक होडीत येऊन पडल्या. किनाऱ्यावर जयंतीबाई कमरेपर्यंतच्या पाण्यात उभी होती आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन नुसती बघत होती.

खाडीच्या तोंडापर्यंत गेल्यावर मला एका लहान होडीनं परत आणलं. त्या संध्याकाळी जयंतीबाईनं मला भाकरी वाढली, पण बोलली नाही. जेवण झाल्यावर म्हणाली, "फोटोसाटी, मॅडम?" मी म्हटलं, "हो." तिनं ताटं उचलून मोरीत ठेवली. मग म्हणाली, "बोलल्या ते बरं केलं. सगळे नाय बोलत." मला आणखी काही मागायचा हक्क नव्हता. सुनीलला मी सांगितलं की ते फोटो वापरू नकोस, काय घडलं ते मीच लिहून देते. तो डोक्याला हात लावून बसला, मग म्हणाला, "लिहा. बघू."

परतीच्या वाटेवर खिंडीत थांबले, माकडांना बघून काचा बंद केल्या. मनोरपर्यंत एकच गोष्ट डोक्यात होती. मी तिथे शिकवलेलं एक वाक्य, दोरी सांगेल तेच खरं, त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून मानलं. त्यांची जुनी विचारायची, चाचपायची रीत मी मोडली आणि तिच्या जागी ठेवलेली गोष्ट मीच खोटी केली. पुण्यातल्या कामात असं खोटं 'झालं' मी किती वेळा चालवून घेतलं असेल याचा हिशोब लागेना. तिथे कोणी बुडत नाही, म्हणून चालून जातं.

होडी निघाल्यापासून नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी इमारतीखाली गाडी लावत होते. जयंतीबाई होती. "होडी आली. थांबा, तांडेल बोलतो."

"बाय," तांडेल म्हणाला. मागे खूप आवाज होता, भांड्यांचा, माणसांचा. "दोन दिस वारा लई होता. लाट होडीवरून जात होती. मी सारका तळाला हात लावून बगत होतो."

"मग?"

"तळ कोरडा होता. चौगं बी घरी आलो."

मी गाडीला टेकून उभी राहिले. किती काय बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "जेवलात का?"

"आता बसतोय," तांडेल म्हणाला, आणि मागून कोणीतरी जयंतीबाईला भाकरी आणायला सांगितलं.